पाने इतरांच्या हाती : ‘साधना’ साप्ताहिकाची पाऊणशे वर्षे

१५ ऑगस्ट १९४८ रोजी साने गुरुजींनी मुंबईत ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले आणि १५ ऑगस्ट २०२३ रोजी त्याला ७५ वर्षे पूर्ण झाली. मराठीत वैचारिक नियतकालिकाचे आयुष्य बहुधा त्याच्या संपादकाच्या उमेदीइतकेच असते. संपादक थकला की अंक जोडअंक होऊ लागतात, मग त्रैमासिक निघते आणि एक दिवस वर्गणीदारांना क्षमायाचनेचे पत्र जाते. ‘साधना’चे संस्थापक तर साप्ताहिक दोन वर्षांचेही झाले नव्हते तेव्हाच गेले. तरीही ते टिकले, याचे कारण विचारले की ‘गुरुजींची पुण्याई’ असे उत्तर मिळते. उत्तर आदरापोटी आलेले असले तरी अपुरे आहे. संस्थापकाच्या नावावर एखादे पत्र दहा वर्षे चालेल, पंधरा वर्षे चालेल. ज्यांनी गुरुजींना पाहिले नाही अशा तिसऱ्या पिढीला ते शनिवारी अंक उघडायला लावणार नाही. ‘साधना’च्या टिकण्याचे खरे कारण तिच्या संपादकांच्या एका सवयीत आहे, असे माझे मत आहे. ऐन मोक्याच्या वेळी त्यांनी आपली पाने आपल्यापेक्षा वेगळे बोलणाऱ्यांच्या, वयाने लहान असलेल्यांच्या आणि कधी कधी आपल्याच वाचकांना न रुचणाऱ्यांच्या हाती दिली. पुढील इतिहास या दृष्टीने वाचावा.

१९४८ ते १९५० : दैनिकाकडून साप्ताहिकाकडे

गुरुजींची ओळख ‘श्यामची आई’चे लेखक म्हणून इतकी घट्ट आहे की त्यांच्यातला पत्रकार झाकला जातो. १९३८ साली अमळनेरहून त्यांनी ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक चालवले होते. खानदेशातील शेतकरी आणि गिरणी कामगारांचे प्रश्न त्यात येत. मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी उपोषण केले. त्याआधी महाराष्ट्रभर दौरा करून त्यांनी गावोगावची मने वळवण्याचा प्रयत्न केला होता. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. मारेकरी मराठी असल्याची बोच गुरुजींना इतकी लागली की त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. त्यानंतर मुंबईत ‘कर्तव्य’ नावाचे सायंदैनिक निघाले, पण ते काही महिनेच चालले. रोज संध्याकाळी ताजी बातमी देण्यासाठी लागणारे भांडवल, यंत्रणा आणि तारा यांपैकी काहीच हाताशी नव्हते. साप्ताहिकाचे गणित वेगळे असते. बातमी शिळी झाली तरी तिचा अर्थ लावता येतो आणि टपालाने तालुक्याच्या गावी तीन दिवसांनी पोचलेला अंकही वाचला जातो. ‘कर्तव्य’ बंद पडण्याला अपयश म्हणावे लागेल, परंतु ‘साधना’चे रूप त्या अपयशाने ठरवले.

सुरुवातीच्या अंकांत राजकारण, शेती, कथा, चरित्र, देशोदेशीच्या घडामोडी असा सगळा ऐवज असे. पुतणी सुधा हिला लिहिलेली गुरुजींची पत्रे याच अंकांतून प्रसिद्ध झाली आणि पुढे ती ‘सुंदर पत्रे’ म्हणून घरोघर गेली. संपादकीयाच्या जागी पत्र येणे ही केवळ हळव्या मनाची लहर नव्हती. अग्रलेख वाचायची ज्यांना सवय नाही त्या स्त्रिया, मुले आणि नुकते साक्षर झालेले वाचक यांच्यापर्यंत पोचण्याचा तो मार्ग होता. केसरी-परंपरेतील भारदस्त अग्रलेखाला दिलेला तो पहिला पर्याय म्हणता येईल. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. मागे राहिले ते छापखाना, वर्गणीदारांची यादी आणि देणी. ती पेलली राष्ट्र सेवा दलातून आलेल्या कार्यकर्त्यांनी, खिळे जुळवणाऱ्या आणि यंत्र चालवणाऱ्या कामगारांनी, आणि वेळेवर पगार न मिळूनही अंक वेळेवर डाकेत टाकणाऱ्या कचेरीने. त्यांतील बहुतेकांची नावे कुठल्याच अंकावर छापली गेली नाहीत. संस्थेच्या ऋणांत पहिले ऋण त्यांचेच.

१९५० ते १९६० : दोन संपादक, एक स्थलांतर

गुरुजींनंतर आचार्य शं. द. जावडेकर आणि रावसाहेब पटवर्धन यांनी संपादकपद स्वीकारले. जावडेकर हे ‘आधुनिक भारत’चे कर्ते, गांधी आणि मार्क्स यांची सांधेजोड करू पाहणारे विचारवंत. रावसाहेब हे अहमदनगरचे, सत्तेच्या जवळ जाण्याची संधी असूनही तिच्यापासून दूर राहिलेले. दोघेही गुरुजींसारखे लिहू शकत नव्हते आणि तसे लिहिण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. हीच मोठी गोष्ट म्हणायची. संस्थापकाच्या शैलीची नक्कल करणे हा वारसांचा नेहमीचा मोह असतो. त्यातून नियतकालिकाचे स्मारक होते. जावडेकरांच्या काळात अंक गंभीर झाला, काहींना तो जडही वाटला असणार. परंतु त्यामुळे ‘साधना’ हे एका माणसाचे पत्र राहिले नाही.

याच दशकात भूदान चळवळ, १९५५चा गोवा मुक्ती सत्याग्रह आणि संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन आले. सत्याग्रहींची पहिली तुकडी घेऊन गोव्यात शिरलेले ना. ग. गोरे आणि संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस एस. एम. जोशी हे दोघेही ‘साधना’च्या परिवारातले. साहजिकच साप्ताहिक या लढ्यांत तटस्थ नव्हते. डिसेंबर १९५५ मध्ये जावडेकरांचे निधन झाले, यदुनाथ थत्ते यांच्याकडे संपादनाची धुरा आली आणि साप्ताहिकाचे बिऱ्हाड मुंबईहून पुण्याला हलले. पुण्यात ‘केसरी’ होता, ‘सकाळ’ होता. शहराची बातमी, महापालिका, भाजीचे भाव, निधनवार्ता हे सारे ‘सकाळ’ उत्तम देत होता, त्यात आणखी एकाची गरज नव्हती. शहराला नसलेली गोष्ट होती ती म्हणजे सदाशिव आणि शनिवार पेठेच्या पलीकडे, नाना पेठेच्या, हडपसरच्या आणि थेट चंद्रपूर-नांदेडच्या महाराष्ट्राकडे पाहणारी खिडकी. ती ‘साधना’ने दिली.

१९६० ते १९७० : यदुनाथांची घडण

थत्ते यांनी सुमारे पाव शतक संपादन केले. ते स्वतः भरपूर लिहीत, मुलांसाठीही लिहीत. पण त्यांचे खरे काम माणसे हेरण्याचे. कुठल्याशा शिबिरात भेटलेल्या मुलाला ते पोस्टकार्ड पाठवत आणि त्याच्याकडून लेख काढून घेत. नांदेडहून नरहर कुरुंदकर लिहीत होते. त्यांची बुद्धिवादी मांडणी गुरुजींच्या भावुक वाचकाला सहज पचणारी नव्हती. मुस्लिम समाजाच्या अंतर्गत सुधारणेचा प्रश्न हमीद दलवाई ज्या धारदारपणे मांडत होते, त्याने पुरोगामी वर्तुळातही चुळबूळ होत होती. अल्पसंख्याकांविषयी बोलताना समाजवाद्यांची जीभ जरा अडखळत असे, आणि दलवाई नेमके तिथेच बोट ठेवत. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. दलवाई आणि ‘साधना’ यांचे नाते पुढे इतके टिकले की त्यांच्या निधनानंतर अनेक वर्षांनी ‘राष्ट्रीय एकात्मता आणि भारतीय मुसलमान’ हे त्यांचे पुस्तक साधना प्रकाशनाने काढले.

इथे एक आक्षेप विचारात घ्यायला हवा. ‘साधना’ हे समाजवादी पक्षाचे मुखपत्रच होते, वेगळ्या आवाजांना दिलेली जागा ही शोभेपुरती, असे म्हटले गेले आहे. आक्षेप निराधार नाही. साप्ताहिक चालवणाऱ्या साधना ट्रस्टमधली आणि लेखकांमधली अनेक मंडळी पक्षाचे नेते होती. पण पक्षाच्या वाटचालीकडे पाहा. समाजवादी पक्षाचा प्रजासमाजवादी पक्ष झाला, राममनोहर लोहिया बाहेर पडले, १९६४ साली संयुक्त समाजवादी पक्ष आला, पुन्हा जुळवाजुळव झाली आणि १९७७ मध्ये सगळे जनता पक्षात विसर्जित झाले. मुखपत्र असते तर साप्ताहिक पहिल्या नाही तर दुसऱ्या फुटीत एका गटाकडे गेले असते आणि त्या गटाबरोबर संपले असते. पक्ष नामशेष झाला आणि साप्ताहिक राहिले, हा पुरावा मला पुरेसा वाटतो. या फाटाफुटींचे पडसाद कचेरीत उमटले नसतील असे नाही. मतभेद झाले, ते तात्त्विक होते आणि यथावकाश निवळले, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

१९७० ते १९८० : कसोटीचे दशक

स्वातंत्र्याला २५ वर्षे होत होती. १५ ऑगस्ट १९७२च्या विशेषांकाचे संपादन थत्त्यांनी अनिल अवचट या तरुण लेखकाकडे सोपवले. रौप्यमहोत्सवी स्वातंत्र्यदिनाचा अंक म्हणजे तिरंगी मुखपृष्ठ, नेत्यांचे संदेश आणि पंचवार्षिक योजनांचा आढावा, हा त्या वर्षीचा सर्वत्र रिवाज होता. अवचटांनी स्वातंत्र्य ज्यांच्यापर्यंत पोचले नाही त्यांना लिहायला सांगितले. राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख त्या अंकातला. दलित स्त्रीच्या विटंबनेबद्दल होणारी किरकोळ शिक्षा आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाबद्दलची शिक्षा यांची तुलना करून ढाल्यांनी राष्ट्रप्रतीकाविषयी जे लिहिले, त्याने महाराष्ट्र हादरला. निषेध झाले, बाजूने आणि विरोधात मोर्चे निघाले, वृत्तपत्रांतून आठवडेच्या आठवडे वाद चालला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर ही संघटना उभी राहिली होती. तिचे नाव घराघरांत पोचले ते या लेखामुळे उठलेल्या वादळाने.

या प्रकरणाचे दोन अर्थ लावले जातात. एक असा की, ‘साधना’ने नकळत हात पोळून घेतला, संपादकांना लेखाची धग आधी कळली नव्हती. दुसरा असा की, ‘साधना’ने दलित साहित्याला व्यासपीठ दिले. पहिला अर्थ संपादकांना भोळे ठरवतो, दुसरा दलित लेखकांना उपकृत ठरवतो. दोन्ही मला अपुरे वाटतात. ढाले, कवी नामदेव ढसाळ आणि त्यांचे सोबती यांना व्यासपीठाची वाण नव्हती. ते आपली अनियतकालिके काढत होते आणि कोणाच्या परवानगीवाचून लिहीत होते. ‘साधना’ने त्यांना दिली ती वेगळी गोष्ट. ज्या मध्यमवर्गीय, खादीधारी, शिक्षकी पेशाच्या वाचकापर्यंत त्यांची अनियतकालिके पोचत नव्हती, त्याच्या दिवाणखान्यात तो लेख पोचला. ज्याला हे वाचायचे नव्हते त्याला ते वाचावे लागले. लेखाची भाषा ट्रस्टमधील वडीलधाऱ्यांनाही खटकली असेल. त्यासंबंधी मतमतांतरे झाली. पण अतिथी संपादकाला तोंडघशी पाडून संपादक नामानिराळे झाले नाहीत, हे संस्थेच्या दृष्टीने महत्त्वाचे. डॉ. बाबा आढाव यांच्या ‘एक गाव एक पाणवठा’ मोहिमेला साप्ताहिकाचा पाठिंबा होता तोही याच काळात. पाणवठ्याची मोहीम सर्वांना पटण्याजोगी, ढाल्यांचा लेख अनेकांना न पटण्याजोगा. एकाच साप्ताहिकात दोन्ही येऊ शकले.

२५ जून १९७५ला आणीबाणी आली. अंक छापण्याआधी मजकूर दाखवण्याची सक्ती झाली. दैनिकांना जाहिराती, कागद आणि कर्मचाऱ्यांचे पगार यांचा विचार करावा लागतो. त्यांतील काहींनी मान तुकवली, काहींनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली. ‘साधना’जवळ गमावण्यासारखे फारसे नव्हते, आणि गरीब असण्याचा एवढा एकच फायदा तिच्या इतिहासात दिसतो. अंकांवर आणि छापखान्यावर सरकारी कारवाई झाली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि तिथे सरकारचे आदेश टिकले नाहीत. परिवारातील ग. प्र. प्रधानांसारखे अनेकजण तुरुंगात होते. बाहेर उरलेले मजकूर जमवत, मुद्रिते तपासत आणि अंक निघेल अशी व्यवस्था करत. आणीबाणीत ‘साधना’ ताठ राहिली याचे श्रेय संपादकांना दिले जाते, ते योग्यच आहे. मात्र अंक हातात पडला तर चौकशी होऊ शकते हे माहीत असूनही ज्या वर्गणीदारांनी पत्ता बदलला नाही, त्यांचा वाटा कमी मानू नये.

१९८० ते १९९८ : ओहोटीची वर्षे

थत्त्यांनंतर ना. ग. गोरे, वसंत बापट आणि ग. प्र. प्रधान यांनी संपादनाची जबाबदारी वाहिली. ब्रिटनमध्ये भारताचे उच्चायुक्त राहून आलेले गोरे, सेवा दलाच्या कलापथकातून महाराष्ट्राला गाणी देणारे बापट, १८ वर्षे विधान परिषदेत पुणे पदवीधर मतदारसंघाचे प्रतिनिधी असलेले प्रधान. अशी नावे कुठल्याही पत्राला भूषणावह. तरी या काळात साप्ताहिकाचा आवाका आकसला, हे मान्य करायला हवे. जनता पक्षाचा प्रयोग फसला होता, चळवळींतील तरुण बिगरपक्षीय संघटनांकडे वळले होते, दैनिकांच्या रविवार पुरवण्या जाड झाल्या होत्या, नव्वदनंतर उपग्रह वाहिन्या आल्या. श्री. ग. माजगावकरांचे ‘माणूस’ पंचवीस वर्षे गाजवून थांबले. १९९३ साली ‘इलस्ट्रेटेड वीकली’सारखे मोठ्या घराण्याचे साप्ताहिक बंद झाले. या पडझडीत ‘साधना’ बंद पडली नाही, यात संपादकांच्या निष्ठेइतकाच तिच्या काटकसरीचा भाग आहे. प्रधानसरांनी पुढे आपले सदाशिव पेठेतील राहते घर साधना ट्रस्टला देऊन टाकले. संपादकाने संस्थेकडून मानधन घेण्याऐवजी संस्थेला घर देणे, हा हिशेब कुठल्याच व्यवस्थापनशास्त्रात बसणार नाही.

१९९८ ते २०१३ : डॉ. दाभोलकरांची पंधरा वर्षे

१९९८ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर संपादक झाले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीचा हा नेता साप्ताहिकाला चळवळीचे पत्रक करून टाकील, अशी शंका तेव्हा रास्त होती. घडले उलट. चळवळीसाठी अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे स्वतंत्र वार्तापत्र होते. ‘साधना’त दाभोलकरांनी संघटकाचे कौशल्य वापरले, संघटनेचा अजेंडा लादला नाही. साताऱ्याहून दर सोमवारी-मंगळवारी पुण्यात येऊन ते साप्ताहिकाचे काम पाहत. वर्गणीदार वाढवणे, विशेषांकांना जाहिराती मिळवणे, देणगीदारांकडे निःसंकोच हात पसरणे या गोष्टी पूर्वीच्या संपादकांना जरा कमीपणाच्या वाटत असाव्यात. दाभोलकरांनी त्यांना कार्यक्रमाचे रूप दिले. मुलांसाठीचा बालकुमार दिवाळी अंक या वर्षांत सुरू झाला, अत्यल्प किमतीत शाळाशाळांतून गेला आणि त्याच्या प्रती लाखांच्या घरात पोचल्या. रामचंद्र गुहा यांचे ‘कालपरवा’ हे सदर मराठीत आले. राजा शिरगुप्पे ग्रामीण महाराष्ट्रात फिरून शोधयात्रा लिहू लागले. अमेरिकेतील मराठी मंडळींच्या महाराष्ट्र फाउंडेशनच्या साहित्य आणि समाजकार्य पुरस्कारांचे संयोजनही ट्रस्टकडे आले.

देणग्यांवर आणि जाहिरातींवर चालणाऱ्या साप्ताहिकाला पर्यायी कसे म्हणायचे, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न चांगला आहे. पण पर्यायी असण्याचा अर्थ पैशाचा स्पर्श नसणे असा घेतला तर ती पदवी फक्त बंद पडलेल्या नियतकालिकांनाच मिळेल. पाहायचे ते इतकेच, की पैसा देणाऱ्यांची संख्या मोठी आहे की देणारा एकच आहे, आणि त्याच्याविषयी प्रतिकूल मजकूर छापता येतो की नाही. शेकडो छोट्या देणगीदारांचे पत्र एका मालकाच्या पत्रापेक्षा मोकळे असते, हे ‘साधना’च्या हिशेबाच्या वह्यांवरूनही कळावे.

२० ऑगस्ट २०१३च्या मंगळवारी सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. ‘साधना’च्या कामासाठी म्हणून पुण्यात असण्याचे ते दिवस. चारच दिवसांनी, ते ज्याचा आग्रह धरत होते तो जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. मे २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघे निर्दोष सुटले. साप्ताहिकाचा अंक हत्येनंतरही निघत राहिला.

२०१३ नंतर : सध्याचे काम

दाभोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या विनोद शिरसाठ यांच्याकडे संपादकपद आले. तरुण माणसाला आधी अंकात, मग कचेरीत आणि शेवटी खुर्चीवर आणण्याची ही पद्धत थत्त्यांपासूनची. त्यामुळे हत्येच्या धक्क्यातही वारसदार शोधावा लागला नाही. शनिवार पेठेतील साधना मीडिया सेंटरमधून आज साप्ताहिक, पुस्तक प्रकाशन आणि विक्री केंद्र चालते. १९४८ पासूनचे अंक डिजिटल रूपात आणण्याचे काम झाले. २०१९ मध्ये सुरू केलेल्या डिजिटल व्यासपीठाला ‘कर्तव्य’ हे नाव देण्यात आले. गुरुजींचे जे दैनिक भांडवलाअभावी काही महिन्यांत मिटले, त्याच्या नावाला कागदाचा खर्च नसलेल्या माध्यमात जागा मिळाली.

शेवटचा आणि सर्वात अवघड आक्षेप हा, की ‘साधना’ आधीच पटलेल्यांना पटवते. निवृत्त शिक्षक, सेवा दलाचे जुने सैनिक, प्राध्यापक एवढाच तिचा वाचक, असे हसत हसत म्हटले जाते. यात तथ्य आहे आणि बालकुमार अंकाच्या खपाकडे बोट दाखवून ते खोडता येणार नाही, कारण ज्या मुलाने तो अंक वाचला तो विसाव्या वर्षी साप्ताहिक वाचेलच असे नाही. परंतु मुळातच न पटलेल्यांपर्यंत पोचणे हे दैनिकांना आणि वाहिन्यांनाही जमलेले नाही. साप्ताहिकाच्या हाती असते ते आपल्या वाचकाला स्वतःच्याच मतांशी झगडायला लावणे. १९७२च्या अंकाने ते केले, दलवाईंच्या मांडणीने केले, कुरुंदकरांच्या लेखांनी केले. ज्या वर्षांत अंकातून असे काही आले नाही, त्या वर्षांत वर्गणीदारही घटले, आणि हा योगायोग मला वाटत नाही. पुढल्या संपादकांसमोरचे काम यातूनच ठरते: पेठांत बसून ज्यांची भाषा आपल्याला खडबडीत वाटते अशा उपनगरांतल्या, कंत्राटी नोकऱ्यांतल्या, भटक्या-विमुक्तांतल्या आजच्या लेखकांना विशेषांक सोपवणे. तसे अंक निघाले तर काही जुने वाचक रागावतील.

त्या वाचकांना एवढीच विनंती की, अंकात न पटणारे आले तर वर्गणी बंद करू नये, पत्र लिहावे. आणि पुढील वर्षाची वर्गणी भरताना घरातल्या विशीतल्या कोणाच्या तरी नावाने भरावी.